पहिल्या धारेवर म्हैस घेत नाहीत: सेलूतल्या एका गेमिंग लॅपटॉपची खरेदी

मे २०२४. सेलूला ताईच्या घरी माडीवर पत्र्याची खोली आहे, तिथे भाचा अभ्यास करतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि भिंतीवरचा थर्मामीटर ३८ दाखवत होता. पलंगावर चादर, चादरीवर त्याच्या मित्राच्या दादाचा लॅपटॉप, आणि त्यावर सायबरपंक २०७७ ही गेम चालू. लॅपटॉप दिसायला देखणा होता: चंदेरी अॅल्युमिनियमची बॉडी, वजन दोन किलोच्या आत, स्टिकरवर आरटीएक्स ४०६०, म्हणजे ग्राफिक्स चिपचं नाव. भाच्याला हाच घ्यायचा होता. मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणला होता, म्हणजे मामानं बघितला की दाजी पैसे द्यायला तयार होतील.

पहिली दहा मिनिटं गेम झकास चालली. कोपऱ्यातला आकडा ६८-७० फ्रेमच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं. मग पंखे ओरडायला लागले. विसाव्या मिनिटाला गाडी वळवताना चित्र दातेरी झालं, एक हिसका बसला, मग दुसरा. आकडा ४७ वर आला.

"मामा, अडकायलीय बघा. मघाशी तर मस्त चालायलती."

माझं परभणीत वसमत रोडला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. पेनड्राइव्हमध्ये एचडब्ल्यू-इन्फो नावाचा फुकट प्रोग्राम कायम असतो. तो लावून बघितलं. प्रोसेसर ९७ अंशांवर. ग्राफिक्स चिप सुरुवातीला ७५ वॅट घेत होती, आता ५० वर उतरली होती. मशीन बिघडलेलं नव्हतं. तापलं की चिप स्वतःचा वेग स्वतःच कमी करते, नाहीतर जळेल. तिनं तेच केलं होतं.

दाजी जिन्यात उभं राहून ऐकत होते. ते म्हणाले, "लाखभर रुपये. एवढ्या पैशात दुभती म्हैस येती, अन् दोन टायम दूध देती."

मी विचारलं, "दाजी, म्हैस घेताना काय बघता?"

"कास बघतो. पण कासंवर जायचं नसतं. विकणारा आदल्या टायमाची धार काढीत नाही, कास तुंबवून आणतो. पहिली धार भरपूरच दिसती. आपण मुक्काम करायचा, सकाळची धार, संध्याकाळची धार, पुन्हा सकाळची. मंग भाव."

एवढं बोलून ते थांबले आणि लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "म्हंजी ह्याचीबी पहिलीच धार चांगली व्हती."

पुढचा महिनाभर आम्ही जे केलं ते सगळं याच एका वाक्यावर उभं होतं.

मागणी काय होती

भाच्याकडे वहीच्या मागच्या पानावर अकरा लॅपटॉपची नावं आणि किमती होत्या. ती यादी मी बाजूला ठेवली आणि काय खेळणार ते आधी विचारलं. मित्रांबरोबर व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक. शिवाय ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तिथे कॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचा प्रोग्राम, लागणार. पैसे ९०-९५ हजार, त्यावर एक रुपया नाही.

व्हॅलोरंट हलकी गेम आहे. तिला ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसर चपळ लागतो, मध्यम मशीनवरही ती शंभराच्या वर फ्रेम देते. खरी कसोटी शेवटच्या दोन गेमची. सायबरपंकच्या कंपनीनं शिफारस म्हणून १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६० सुपरच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड सांगितलंय. रेड डेड २ एकटीच १५० जीबी जागा खाते. या दोन नीट चालल्या तर बाकीच्यांची काळजी नाही.

डेस्कटॉपचा विषय मी काढला, कारण काढायलाच हवा. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त जोर देतो, थंड राहतो, आणि पाच वर्षांनी नुसतं कार्ड बदललं की पुन्हा नवा होतो. पण होस्टेलच्या खोलीत तीन जणांत तो ठेवायचा कुठे आणि सुट्टीला सेलूला आणायचा कसा? मुलगा एकाच जागी राहणार असता तर मी डेस्कटॉपवरच अडून बसलो असतो.

नाव एक, वॅट वेगळे

गिऱ्हाईक सगळ्यात जास्त इथेच फसतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर बसवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. त्यावर प्रोसेसरच्या वाट्याची थोडी वीज उसनी घेऊन काही मशीन १४० पर्यंत जातात. स्टिकर मात्र सगळ्यांवर तोच. पूर्वी, २०१७ पासून, पातळ मशीनमधल्या कमी विजेच्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असायचं, निदान फरक कळायचा. २०२१ मध्ये लॅपटॉपसाठी आरटीएक्स ३० मालिका आली तेव्हा चिपच्या नावातून ते गेलं. आता वॅटचा आकडा कंपनीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत शोधावा लागतो. 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' असा शब्द असतो. तो आकडा कुठेच दिला नसेल तर मी ते मशीन यादीतून काढतो.

एक खूण दुकानात उभ्याउभ्या कळते: अॅडॅप्टर उलटा करून बघा. २३० किंवा २४० वॅटची वीट असेल तर मशीनला पोटभर वीज मिळायची सोय आहे. मित्राच्या दादाच्या लॅपटॉपचा अॅडॅप्टर १५० वॅटचा होता. त्यातच प्रोसेसर, पडदा, पंखे आणि कार्ड सगळ्यांनी भागवायचं.

याचा परिणाम असा, की पूर्ण विजेवरचं, एक पायरी खालचं ४०५० आणि अर्ध्या विजेवरचं ४०६० खेळताना जवळपास सारखेच भरतात. मग किंमत वीस हजारांनी जास्त कशाची? पातळपणाची. ज्याला रोज बॅगेतून ऑफिसला न्यायचंय त्याला ती परवडेल. भाच्याला नाही.

दुसरा आकडा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. जुन्या आरटीएक्स ३०५० ला ४ जीबी, ४०५० ला ६, ४०६० ला ८. सायबरपंकमध्ये टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे, 'हाय' ठेवलं तर सहा जीबी काठोकाठ भरते, आणि भरली की फ्रेमचा सरासरी आकडा चांगला दिसूनही मधेच हिसके बसतात. रॅम नंतर वाढवता येते, ही मेमरी कधीच नाही. म्हणून चार वर्षांचा विचार करून ८ जीबी धरली. त्याहून वरच्या ४०७० चा मोह मी होऊ दिला नाही. लॅपटॉपमधल्या ४०७० लाही मेमरी आठच, आणि तेच नाव असलेल्या डेस्कटॉपच्या कार्डाला बारा. पैसे भरपूर जास्त, आणि जिथे अडणार तिथे अडणारच.

डीएलएसएसबद्दल भाच्यानं खूप वाचलं होतं. ते उपयोगी आहे, खरंच आहे. कार्ड चित्र लहान काढतं आणि हुशारीनं मोठं करतं; फुल एचडीवर 'क्वालिटी' ठेवलं की आत १२८० बाय ७२० चं चित्र बनतं. फ्रेम जनरेशन वेगळं. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली घुसवतं. आकडा वाढतो, पण माउस हलवला की थोडं मागून आल्यासारखं वाटतं. आधीच साठ फ्रेम येत असतील तर चालतं; तीसच्या मशीनला त्यानं साठचं सुख मिळत नाही.

दुकानातली धार

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं रेल्वेनं संभाजीनगरला गेलो. माझ्याकडे एक बाहेरून जोडायची एसएसडी (वेगवान साठवणीची डिस्क) होती, तिच्यावर सायबरपंकचं फोल्डर. गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेली प्रत लॉगिनशिवाय कुठल्याही मशीनवर चालते, त्यामुळे दुकानात इन्स्टॉल करण्याची भानगड नाही.

पहिल्या दोन दुकानांत डेमो मशीनला हात लावू दिला नाही. तिसऱ्यात काउंटरवरच्या पोरालाच गेमचं वेड होतं. त्यानं स्टूल दिलं, चहा सांगितला आणि अर्धा तास मशीन आमच्या ताब्यात दिलं. जाड प्लास्टिकचं, २.४ किलोचं, आरटीएक्स ४०६०, ११५ अधिक २५ वॅट, २४० वॅटचा अॅडॅप्टर. दाजींनी मोबाइलवर वेळ लावली. पाच मिनिटांनी ८४ फ्रेम. पंधरा मिनिटांनी ८३. तीस मिनिटांनी ८३. कार्ड ७८ अंशांवर स्थिर.

भाचा लगेच उठायला लागला. मी बसवला. कारण त्या दुकानात एसी २५ वर होता.

बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ ला टेकतो आणि पत्र्याखाली दिवस मावळल्यावरही ३८ असतं. म्हणजे मशीन सुरू करण्याआधीच आपण पुस्तिकेच्या बाहेर आहोत. पंखा पूर्ण वेगात असेल तेव्हा खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच तापते, कारण पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. दुकानातल्या ७८ मध्ये बारा-तेरा मिळवायचे, की सेलूचा आकडा येतो. नव्वदच्या घरात. कार्ड सत्त्याऐंशीच्या आसपास हात आखडतं. म्हणजे या मशीनलाही मे महिन्यात थोडं मागं यावं लागणार, पण पडायला त्याच्याकडे उंची आहे. पातळ मशीन दुकानातच काठावर असतं, त्याला मागं सरायला जागाच नसते.

त्याच दुकानात ४०५० चं जाड मशीन ८० हजारांना होतं. दाजींचा कल तिकडे होता, आणि तो चुकीचा नव्हता. फक्त व्हॅलोरंट आणि जीटीए खेळणार असता तर मीही तेच घ्यायला लावलं असतं. ८ जीबीच्या मुद्द्यावर ९४ हजारांचं ठरलं.

उरलेल्या गोष्टी मी भराभर बघितल्या. पडदा फुल एचडी, १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा. त्याहून बारीक पडदा ४०६० ला जड जातो. रंगाच्या रकान्यात '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं हवं, '४५ टक्के एनटीएससी' असेल तर रंग धुतल्यासारखे दिसतात. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच किंवा एचएक्स, यू नको. दुसऱ्या एसएसडीची जागा रिकामी हवी, कारण ५१२ जीबीत विंडोज आणि या चार गेम बसल्या की फारशी जागा उरत नाही.

रॅमपाशी मात्र थांबलो. मशीनमध्ये १६ जीबीची एकच पट्टी होती. एक पट्टी म्हणजे एकच रस्ता. दोन लावल्या की प्रोसेसरला एकाच वेळी दोन्हीकडून माल मिळतो. दुसरी पट्टी मी माझ्या दुकानातून बसवली, साडेचार हजारांच्या आत. सरासरी आकडा थोडाच वाढला, पण सर्वात हळू येणाऱ्या फ्रेम, ज्यांच्यामुळे हिसका जाणवतो, त्या स्पष्ट सुधारल्या. भाच्यानं न विचारताच सांगितलं, "आता गुळगुळीत चालायलंय." त्या चंदेरी मशीनमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली होती. वाढवायची सोयच नाही.

वॉरंटी बिल होण्याआधी बघितली. ती घरी येऊन देतात की मशीन न्यावं लागतं, आणि घरी येत असतील तर आपल्या पिनकोडला येतात का, हे कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारायचं. माझ्या एका गिऱ्हाइकाचा महागडा लॅपटॉप एका कंपनीच्या केंद्रात दीड महिना पडून होता, पार्ट येत नव्हता, आणि दर खेपेला त्याला परभणीहून जावं लागत होतं. ज्या पोराची परीक्षा तोंडावर आहे त्याचे दीड महिने कोण भरून देणार?

सेलूतली धार

घरी आल्यावर खरी कसोटी. पाऊस अजून पडला नव्हता, माडीवर ३७. तीच गेम, तोच रस्ता, तीस मिनिटं. फ्रेम ८१ वरून ७६ वर आल्या आणि तिथेच थांबल्या. कार्ड ८७. पंख्यांचा आवाज जिन्यात ऐकू येत होता.

मग एकेक करून उतरवलं. आधी लॅपटॉप चादरीवरून उचलून टेबलावर. पलंगावर खालची हवेची जाळी गादीनं बंद होते, एवढ्या एका चुकीनं चांगलं मशीन रोज भाजतं. मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन बुचं ठेवली: चार अंश कमी. मग गेममध्ये फ्रेमला ६० चा लगाम लावला. कार्डाला जेवढं काम मागाल तेवढीच वीज ते घेतं; ७६ च्या जागी ६० मागितल्यावर ते ७४ अंशांवर आलं आणि पंखे बोलायचे थांबले. सायबरपंकसारख्या गोष्टीच्या गेमला साठ पुरतात, दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. व्हॅलोरंटला लगाम काढायचा, तिथे १४४ चा फायदा हाताला कळतो.

सगळ्यात मोठा बदल ताईनं सुचवला. "खाली कुलरपाशी का बसत नाही रे तू?" आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कुलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, म्हणजे मशीनही तेवढंच उतरतं. फक्त कुलरच्या थेट झोतात ठेवायचं नाही. बारीक तुषार येतात आणि ओलसर हवेत धूळ चिकटून बसते.

धुळीबद्दल एक सांगतो. सेलूत जिनिंग आहेत, हंगामात हवेत कापसाचे बारीक तंतू उडतात. मागच्या वर्षी याच गावातला एक लॅपटॉप माझ्याकडे आला होता, 'बंद पडतो' म्हणून. खालचं झाकण उघडलं, पंखा काढला, तर पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे करड्या रंगाची चटई तयार झालेली. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू एकमेकांत दाबून बसलेले. चिमट्यानं एक टोक धरलं तर अख्खी पट्टी सलग निघून आली, वातीसारखी. तिच्यापलीकडे हवा जातच नव्हती. चिपची उष्णता पात्यांकडे नेणारी पेस्ट बदलली, बाकी काही बिघडलेलं नव्हतं. म्हणून भाच्याला स्वतः झाकण उघडायला शिकवलं: आधी मशीन बंद, बॅटरीची पिन काढायची, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्रश फिरवायचा. दर चार महिन्यांनी.

विजेचं तेवढंच महत्त्वाचं. चंदेरी लॅपटॉपला हात लावला की भाच्याला झिणझिण्या यायच्या, त्याला वाटायचं मशीनचाच दोष आहे. टेस्टर लावला तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तारच नव्हती. अर्थिंग नसलं की अॅडॅप्टरमधली किरकोळ गळती बॉडीवर येते. वायरमन बोलावून तार ओढली, तरी पूर्ण गेलं नाही, कारण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून जमिनीला भेगा गेल्या होत्या. कोळसा-मीठ घातलं, बादलीभर पाणी ओतलं, झिणझिण्या बंद. आता दाजी उन्हाळ्यात आठवड्याला तिथे पाणी घालतात.

लाइट गेली की लॅपटॉपच्या बॅटरीवर मोठी गेम खेळायची अपेक्षाच ठेवू नये. साठ वॅटतासाची बॅटरी दोनशे वॅट मागणाऱ्या मशीनला पुरणार किती? म्हणून ते स्वतःच जोर निम्म्याहून कमी करतं. घरच्या १५० एएचच्या इन्व्हर्टरवर पंख्यासकट तीनेक तास निघतात, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. चौकोनी वेव्हवर अॅडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या प्रोग्राममध्ये असते, ती पहिल्याच दिवशी लावून दिली. सतत प्लगवर आणि उन्हाळ्यात शंभर टक्के भरलेली बॅटरी लवकर फुगते.

वर्षभरानंतर

मशीन जड आहे. अॅडॅप्टर धरून तीन किलोच्या वर जातं आणि भाचा ते कॉलेजला रोज नेत नाही. पंख्याच्या आवाजावरून होस्टेलच्या खोलीत दोनदा भांडण झालं, मग रात्री अकरानंतर ६० चा लगाम आणि हेडफोन असं ठरलं. कॅडला अडचण आली नाही. दुसरी एसएसडी दिवाळीत टाकली.

मे २०२५ मध्ये तो सुट्टीला सेलूला आला तेव्हा मी माझ्या समाधानासाठी पुन्हा माडीवर मशीन लावायला सांगितलं. दाजी मोबाइल घेऊन वेळ लावायला आपणहून बसले. खोलीत ३९. वही तीच होती, मागच्या पानावर अकरा नावं खोडलेली. त्याखाली भाच्यानं लिहिलं: पाच मिनिटं ८०, पंधरा मिनिटं ७५, तीस मिनिटं ७४. कार्ड ८६. पंखा साफ केल्याची तारीख, १२ एप्रिल. त्याच्या पुढे कंसात दाजींच्या अक्षरात: पेस्ट दिवाळीला बदलणे.